खडीखालचं शेत

“मुकी हाय का गं ही बाई?”

“न्हाई वं. सायबासंगं इंग्रजी बोलत व्हती की मघाशी.”

“मंग आपल्यापुरती मुकीच म्हण.”

वर हशा झाला. मी छातीइतक्या खोल खड्ड्यात उभी होते. हातात घरून आणलेली भाजी चिरायची सुरी आणि नाकासमोर मातीची भिंत. खड्ड्याच्या काठावर दोन बायका उकिडव्या बसल्या होत्या. मला त्यांचे पायच दिसत होते. जोडवी, भेगाळलेल्या टाचा, एकीच्या लुगड्याच्या काठाला चिकटलेला गोखरू. त्यांचं बोलणं मला शब्दन् शब्द कळत होतं. माझी आई घरात असंच बोलायची. पण ते त्यांना सांगायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. खड्ड्यात मला बरं वाटायचं ते याचसाठी. तिथं उतरलेल्या माणसाकडून कुणी बोलण्याची अपेक्षा करत नाही. मी सुरीचं टोक मातीत खुपसलं आणि काम चालू ठेवलं.

ते शेत जिंतूरहून देवगाव फाट्याकडे जाणाऱ्या सडकेला लागून होतं, चारठाण्याच्या थोडं अलीकडे. दिवस थंडीचे होते. शेजारच्या शेतात ज्वारी माणसाच्या छातीला लागली होती आणि या शेतात ती गुडघ्यापर्यंतही नव्हती. पिवळी, विरळ, मध्ये मध्ये नुसती जमीन. शेताच्या मालकांना गाव आप्पा म्हणायचं. कपाळावर भस्म, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आवाज खणखणीत. बाभळीखाली आमच्या माती-प्रयोगशाळेच्या साहेबांसमोर उभे राहून ते तक्रार मांडत होते.

“सायेब, माती काळीच हाय ना? शेजारच्याची बी काळीच. धुरा मधी, हातभर रुंद. त्याच्यात पिकतंय अन् माझ्यात पिकना. मातीनं काय माणूस वळखून पिकायचं ठरवलंय का?”

काय झालं होतं ते गावात सगळ्यांना माहीत होतं. पोलिस ॲक्शननंतर दोनेक वर्षांनी ही सडक पक्की करायला घेतली, तेव्हा गुत्तेदारानं खडी टाकायला हेच शेत घेतलं. खडीचे ढीग, लॉऱ्या, बैलगाड्या आणि रोडरोलर, सगळं तिथंच उभं राहायचं. भर पावसातही काम थांबलं नाही. सडक झाली, खडी उचलली, गुत्तेदार गेला. शेत वरून पहिल्यासारखं दिसायला लागलं. पण पाऊस पडला की पाणी वरच साचायचं, आणि उघडीप झाली की पीक सुकायचं.

आप्पांना दुसरी जमीन होती ती माळावरची, दगडगोट्यांची. पोटापुरतं पिकायचं ते याच शेतात. ते पिकेना, तेव्हा मुलगा आणि सून दसरा-दिवाळी झाली की गाडी जुंपून पश्चिमेकडे उसाच्या तोडीला जाऊ लागले. नात तिकडेच पाचटाच्या खोपीत झाली. आप्पांना एकच गोष्ट हवी होती. सरकारचा ट्रॅक्टर यावा, शेत खोल नांगरलं जावं, आणि मुलगा घरी राहावा.

“ट्रॅक्टर यायलाय, ट्रॅक्टर यायलाय, म्हणून रोज दाढी करून बसायलाय म्हातारा,” काठावरची बाई म्हणाली. मग कळलं, त्या आप्पांच्याच घरच्या. गाव त्यांना अक्का म्हणत असे. मला मुकी ठरवलं होतं तेही त्यांनीच.

मी भिंतीतून ढेकूळ मोकळं केलं. हे काम हळू करावं लागतं. चारी बाजूंनी माती कोरायची, ढेकळाच्या अंगावर निळ्या पेन्सिलीनं वरच्या दिशेचा बाण काढायचा, मलमलीच्या ओल्या फडक्यात गुंडाळायचं आणि मगच मागून सोडवायचं. जमिनीत ते जसं बसलं होतं तसंच बाहेर आलं पाहिजे. साहेब खड्ड्यात डोकावून म्हणाले, “बाई, ढेकूळ काढताय की बाळंतपण करताय?” मी हसले. ते पुण्याकडचे, बोलायला मोकळे, मनानं चांगले. ढेकळं मी बिस्किटाच्या डब्यात ठेवली आणि डबा जीपमध्ये मांडीवर घेऊन बसले.

माझं शिक्षण हैदराबादला, मिशनच्या शाळेत झालं. शाळेत इंग्रजी, बाजारात दखनी, घरात आई-बाबांची परभणीकडची मराठी. तिन्ही भाषा मला येत होत्या, पण प्रत्येक भाषा दुसरीच्या घरी गेली की अंग चोरून बसायची. बाबा सरकारी नोकरीत होते. त्यांचं सारं कामकाज उर्दूत चाललेलं. संस्थान विलीन झालं आणि चाळिशी उलटल्यावर ते नवे मसुदे, नवे शब्द शिकायला बसले. पुढे राज्यांची फेररचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा त्यांनी आपल्या जिल्ह्यात बदली मागून घेतली. परभणीच्या स्टेशनवर सामान उतरवून झाल्यावर ते पेटीवर बसले आणि म्हणाले, “सुटलो.” एवढंच. पण त्या दिवसानंतर ते रात्री शांत झोपायला लागले असं आई सांगायची.

मी रसायनशास्त्र शिकले होते. शहराबाहेरच्या सरकारी शेतावरच्या मातीच्या प्रयोगशाळेत मला जागा मिळाली. पहिल्या आठवड्यात मी एका कारकुनाला घरच्यासारखंच काहीतरी बोलून गेले. त्यानं भुवई उचलून माझाच शब्द मला परत विचारला. त्याच्या मनात काही वाईट नसावं. पण त्यानंतर मी कचेरीत इंग्रजीच बोलू लागले, तेही गरजेपुरतं. लोकांना वाटायचं शिष्ट आहे. शिष्ट समजलेलं मला परवडत होतं.

प्रयोगशाळेचा दिवस मोगरीच्या आवाजानं सुरू व्हायचा. तालुक्यातालुक्यांतून मातीच्या थैल्या येत. माती सावलीत वाळवायची, लाकडी मोगरीनं ढेकळं फोडायची, चाळणीतून चाळायची, बाटलीत भरायची आणि मग तिची परीक्षा. मोगरी चालवायचे ते चाचा. निजामाच्या काळापासूनचे जुने नोकर, पांढरी दाढी, बोटांच्या पेरांत कायम माती. त्यांच्या हाताखालून न फुटता गेलेलं ढेकूळ त्या इमारतीत सापडलं नसतं.

आप्पांच्या मातीची तशी परीक्षा आधीच झाली होती. निकाल शेजारच्या शेतासारखाच आला. क्षार नाहीत, खत ठीक, चुनखडी ठीक. साहेबांनी शेरा मारला, मातीत दोष नाही, खोल नांगरट करावी. त्या शेऱ्यावरूनच आप्पांच्या शेताचा ट्रॅक्टरसाठी नंबर लागला होता.

मला मात्र राहून राहून वाटायचं की आपण घर पाडून विटा मोजतो आहोत. विटा चांगल्या निघाल्या, किती आहेत तेही कळलं; पण दार कुठं होतं, खिडकी कुठं होती, माणूस आत-बाहेर कसा जायचा, ते कसं कळावं? मातीतही दारं-खिडक्या असतात. पाणी आणि मुळं त्यांतूनच जातात. मोगरी पहिल्यांदा त्याच फोडते. आमच्या वाचनालयात एक परदेशी पुस्तक होतं. ढेकूळ न फोडता, त्यात पातळ राळ मुरवून, घट्ट झाल्यावर घासून घासून कागदासारखी पातळ चकती करायची आणि मायक्रोस्कोपखाली पाहायची, अशी रीत त्यात दिली होती. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “करा. पण रोजचं काम सांभाळून. आणि स्पिरिट जपून वापरा.”

ढेकळं हळूहळू वाळावी म्हणून मी डबा माझ्या टेबलाखाली सावलीत ठेवला. ती नीट वाळली, तोवर सेलूला मावसबहिणीचं लग्न निघालं. परत आले तर टेबलावर ओळीनं बाटल्या मांडलेल्या, प्रत्येकीत मैद्यासारखी बारीक काळी माती.

चाचा दारातच उभे होते. “बाईसाब, तुमारा काम पूरा कर दिया मैं. डब्बे में ढेकळां वैसेच पडे थे. सब फोड के, छान के, बाटल्यां में भर दिया. तुमकू तकलीफ नक्को बोल के.”

कापडाच्या आतले बाणही त्यांनी फोडले होते. मी बाटल्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, “शुक्रिया, चाचा.”

खरं काय ते त्यांना साहेबांकडून कळलं. त्या दुपारी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही. माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “बोलना था ना, बाईसाब! चिल्लाना था! मैं इत्ते बरसां से येच काम करतूं. ढेकळा देखा की हात खुद जाता. एक बार चिल्ला देते तो मेरे दिल का बोझ उतर जाता.” मला ओरडता आलं नाही. मी त्यांना म्हणाले, पुन्हा जाऊन आणू. ते लगेच म्हणाले, “मैं आतूं साथ में. डब्बा मैं पकडूंगा.”

रोजच्या कामातून सवड मिळायला मे उजाडला. साहेबांची जीप दुरुस्तीला होती, म्हणून आम्ही एस.टी.नं निघालो. जिंतूरला गाडी बदलली. दोन्हीकडची शेतं उघडी पडली होती आणि काळ्या जमिनीला भेगा गेल्या होत्या. काहींत कोपरापर्यंत हात गेला असता. बैल फिरवणारा माणूस पायाखाली बघून चालत होता. आप्पांचं शेत आलं तर ते तव्यासारखं सपाट. भेगा होत्या, पण दूरदूर, आणि उथळ.

आप्पा बाजाराला गेले होते. अक्कांनी मला ओळखलं. मी ऐकू न येणारीही असणार असं त्यांनी धरलं होतं, कारण पितळेचा तांब्या माझ्या तोंडासमोर धरून त्या मोठ्यानं म्हणाल्या, “ताक! ताऽऽक! प्यायचं!” आणि पिऊनही दाखवलं. चाचांनी दाढीत तोंड लपवलं. मी ताक प्याले, तांब्या परत दिला, मान हलवली. ताक इतकं चांगलं होतं की मला तसं सांगायचं होतं. सांगितलं नाही.

शेताच्या सडकेकडच्या बाजूला तुरीच्या फणकटांची, कापून उरलेल्या खुंटांची, एक पट्टी होती. अक्का चाचांना सांगू लागल्या, “मोकळी जमीन बघवंना म्हणून म्या दाणं टाकले व्हते. शेंगा चिमणीला बी पुरल्या न्हाईत. काड्या तेवढ्या चुलीला झाल्या.”

मी दोन खड्डे खणायला सांगितले, एक शेताच्या मधोमध, एक तुरीच्या पट्टीत. मधल्या खड्ड्यात वीतभर खाली रोलरनं दाबलेला घट्ट थर लागला. सुरी आडवी सहज जात होती, उभी जाईना. भाकऱ्या एकावर एक रचाव्या तसे मातीचे पापुद्रे. दुसऱ्या खड्ड्यातही तोच थर होता. पण तिथं त्याला उभ्या बारीक चिरा गेल्या होत्या आणि चिरांतून वाळलेली मुळं खाली उतरली होती. मी बराच वेळ त्या भिंतीला हात लावून उभी राहिले. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही एवढं मी शिकले होते. म्हणून दोन्हीकडची ढेकळं घेतली, बाण काढले, गुंडाळली.

परतीच्या गाडीत चाचा डबा मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी कवटाळून बसले. कंडक्टर म्हणाला, “काय चाचा, अंडी हायती का?”

“मिट्टी है. सरकारी.”

“मातीला तिकीट न्हाई. पण लेकरावानी धरलाव, म्हणून इचारलं.”

“लेकरू गिरा तो रोता, मियाँ. ये रोती बी नहीं,” चाचा म्हणाले आणि डबा आणखी जवळ ओढला.

चकत्या करायला वेळ लागला. राळ मुरवायची, वाळवायची, काचेवर कुरुंदाच्या पुडीत घासायची. पाणी वापरता येत नाही. काळी माती पाण्यानं फुगते. म्हणून रॉकेलमध्ये घासायचं. आई रोज विचारायची, “केसाला कसला वास यायलाय गं? स्टो पेटवायला ठेवलंय का तुला तिथं?” पहिल्या दोन चकत्या फुटल्या. तिसरी निघाली.

मधल्या खड्ड्यातली चकती मी आधी लावली. आडव्या रेघा, एकीखाली एक, आणि त्यांच्यामध्ये काही नाही. रोलरचं वजन अजून तिथं बसलेलं होतं. मग तुरीच्या पट्टीतली लावली. त्याच आडव्या रेघा, पण त्यांना छेदत वरून खाली गेलेली एक वाट. तिच्या कडेनं फुटलेल्या लहान वाटा, त्या वाटांत मुळाची गोल पोकळी, आणि पोकळीत कुठल्याशा किड्यानं टाकलेल्या मातीच्या मोहरीहून बारीक गोळ्या. कुणीतरी तिथं राहत होतं. जमीन स्वतःच स्वतःला उघडत होती. उन्हानं आकसायची, पावसानं फुगायची, आणि मुळांनी दाखवलेल्या जागी फाटायची. तिला वेळ हवा होता, खोल मुळांचं पीक हवं होतं, आणि ओली असताना वर चाक नको होतं. मी मायक्रोस्कोपवरून डोकं उचललं तेव्हा मान अवघडली होती आणि मला मोठ्यानं हसावंसं वाटत होतं.

मग ध्यानात आलं की चाचांनी फोडलेली ढेकळं हिवाळ्यातली होती, आणि सगळी शेताच्या मधली. ती राहिली असती तर मला नुसत्या आडव्या रेघा दिसल्या असत्या, आणि मीही म्हणाले असते, घाला नांगर. मी चाचांना बोलावलं. “चाचा, अच्छा हुआ तुम फोड दिये.”

“मेरा दिल रखने कू बोल रे क्या?”

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी आधी नको तो डोळा मिटला, मग बरोबर मिटला, आणि बराच वेळ पाहत राहिले. “ये तो हमारे मोहल्ले का नक्शा है, बाईसाब. गल्ल्यांच गल्ल्यां.” जाताना त्यांनी मोगरी उचलून खुंटीला टांगली आणि म्हणाले, “आज जुम्मा है. आज नक्को.” शुक्रवार होता हे खरं, पण त्याआधी कुठल्या शुक्रवारी मोगरी थांबलेली मला आठवत नाही.

साहेबांनी दोन्ही चकत्या पाहिल्या. “मग नांगर नकोच म्हणता?”

मी इंग्रजीत सांगितलं की कोरड्यात चालेल, ओल्यात नको. ओल्या मातीवर ते वजन गेलं तर उघडलेल्या वाटा लिंपल्या जातील आणि मागचं सगळं परत पहिल्यापासून. ते म्हणाले, “मे संपायच्या आत पाळी आहे त्यांची. कोरडीच असणार जमीन.” मला हायसं वाटलं. मला काही बोलावं लागणार नव्हतं.

पण ट्रॅक्टर सेलूकडच्या एका गावात बिघडला. सुट्या भागांची वाट बघण्यात महिना गेला, वळवाचे पाऊस झाले, मृगही चांगला लागला. आणि एक दिवस निरोप आला की ट्रॅक्टर उद्या आप्पांच्या शेतात. तो दुसऱ्या खात्याचा. साहेब जीपमध्ये बसताना म्हणाले, “मी नको म्हटलं तर दोन खात्यांचं भांडण होईल. आणि आप्पांना वाटेल, साहेबांनी साहेबाला अडवलं. तुम्ही खड्ड्यात उतरलात, तुम्ही पाहिलंत, तुम्ही सांगा. मी शेजारी उभा राहतो.” जीपच्या मागच्या बाकावर चाचा होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

सारं गाव धुऱ्यावर जमलं होतं. ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा. आप्पा गुळगुळीत दाढी करून, पांढरं धोतर नेसून, ताजं भस्म लावून उभे. मुलगा आणि सून पावसाळ्यासाठी घरी आले होते. सून नातीला कडेवर घेऊन ट्रॅक्टरच्या चाकाकडे बोट दाखवत होती. अक्कांच्या हातात ताट होतं, हळद-कुंकू, अगरबत्ती, नारळ. ट्रॅक्टरवाला घाई करत होता. “उरका लवकर. दिवस मावळायच्या आत फाट्यावर पोचायचंय.”

मी शेतात चार पावलं गेले. वळताना ट्रॅक्टरचं एक चाक धुऱ्यावरून आत आलं होतं. त्याच्या खुणेत माती चकचकीत दाबली गेली होती आणि तिथं आत्ताच पाणी साचायला लागलं होतं. वीतभर खालून मूठभर माती काढून मी तळहातांत वळली. नांगरायजोगी असती तर ती भुगा होऊन पडली असती. तिची समईतल्या वातीसारखी लांब वात झाली.

इकडे एकदा औजारावर नारळ फुटला की काम माघारी फिरवत नाहीत. मग दहा साहेबांनी सांगितलं तरी आप्पांनी ट्रॅक्टर परत लावला नसता. आणि परत लावला, तर पाळी गेली. पुन्हा कधी येईल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. म्हणजे आणखी एक साल मुलगा उसाला. मी जे सांगायला आले होते ते हे होतं, आणि ते मला आप्पांच्या, त्या सुनेच्या तोंडावर सांगायचं होतं.

पुढचं आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावायची मला हौस नाही. त्या दिवशी आप्पा माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. मुलगा एवढंच म्हणाला, “अजून एक साल ऊसच म्हणा की,” आणि खाली बसला. दिवाळीनंतर त्यांची गाडी गेली. पण जमिनीला वाफसा आल्यावर साऱ्या शेतात तूर आणि ताग पेरला गेला, आणि पेरायच्या आधी फिरला तो फक्त बैलांचा हलका वखर. पुढच्या उन्हाळ्यात, साहेबांच्या खटपटीनं, ट्रॅक्टर कोरड्यात आला. रांजणाएवढाली ढेकळं निघाली आणि पावसानं आपोआप विरघळली. महाराष्ट्र झाला त्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्या शेतात ज्वारी छातीला लागली. अक्कांनी कंडक्टरच्या हाती पिशवीभर हुरडा पाठवला आणि सोबत निरोप, “कापडात गुंडाळलेला न्हाई, तसाच हाय.” त्या सालापासून आप्पांच्या मुलाची गाडी पश्चिमेकडे गेली नाही. मी दर उन्हाळ्यात त्या शेतातलं एक ढेकूळ आणत राहिले. दर वर्षी आडव्या रेघा पुसट होत गेल्या, आणि एका वर्षी मला त्या शोधूनही सापडल्या नाहीत. पुढे माझं आयुष्य याच कामात गेलं. क्षारानं चोपण झालेल्या जमिनी, बांध फुटून वाहून गेलेल्या जमिनी, विटांसाठी खरवडलेल्या जमिनी. प्रत्येक ठिकाणी खड्ड्यात उतरायचं आणि खड्ड्यातून वर येऊन कुणाला तरी काहीतरी सांगायचं. दुसरा भाग पहिल्याइतका सोपा कधीच झाला नाही. पण जमायला लागला.

त्या सकाळी यातलं काहीच मला माहीत नव्हतं. हातात मातीची वात होती. डोक्यात इंग्रजीतलं एक नीटनेटकं वाक्य तयार होतं, आणि ते कुणाला म्हणायचं ते कळत नव्हतं. साहेब माझ्याकडे बघत होते. चाचा जीपमधून उतरून थेट धुऱ्यापर्यंत आले होते. आप्पांनी ताटातला नारळ उचलला, कपाळाला लावला, आणि हात वर नेला.

मी पुढं झाले. वात त्यांच्यासमोर धरली आणि म्हणाले, “आप्पा, थांबा. नारळ फोडू नका. ही बघा, जमीन अजून लय ओली हाय. आज नांगर घातला तर पुन्हा रोलर फिरवल्यासारखं व्हईल. एक साल तूर पेरा. उन्हाळ्यात मी सवता येते, मंग नांगरू.”